जिन्याखालची ज्वारी

बदलीचा कागद हातात आला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि आयुष्यात एकदाही भाड्याचं घर शोधलेलं नव्हतं. लग्नाआधी वडिलांचं घर, लग्नानंतर सासऱ्यांचं, दोन्ही लातुरातच, एकमेकांपासून चालत वीस मिनिटांवर. मी सोयाबीन तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. गेटवर आलेल्या प्रत्येक गाडीतून नमुना घ्यायचा, दाण्यात ओलावा किती ते यंत्रावर बघायचं, जास्त असला की गाडी माघारी. त्याच कामासाठी मला नांदेडला पाठवलं. नवरा लातुरात शिक्षक, त्याची नोकरी हलणारी नव्हती. ठरलं असं, की मी नांदेडला राहायचं आणि महिन्यातून दोनदा अहमदपूरमार्गे एसटीनं घरी यायचं.

घर शोधण्यात तीन रविवार गेले. फ्लॅट चांगले होते, मालकांचे प्रश्न ठरलेले होते. एकट्याच? मिस्टर का येत नाहीत? पाहुणे किती येतात? एका नव्या इमारतीत मालकानं मला सोडून एजंटला विचारलं, "बाई सरळ हाय ना?" मी समोरच उभी होते. "सरळ आहे, म्हणूनच निघाले," म्हटलं आणि जिना उतरले. एजंट मागून धावत आला. म्हणाला, "मॅडम, मग तुम्हाला एकच घर हाय. तिथं मालकीणच तुमच्यासारखी हाय."

हे घर नदीकडच्या जुन्या वस्तीत होतं. खाली मालकीण, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यावर गच्ची. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, ताठ बाईनं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, पदर खोचलेला. मूळच्या त्या देगलूरकडच्या. तिकडं आईला अव्वा म्हणतात, म्हणून सगळी गल्लीच त्यांना अव्वा म्हणायची. यजमानांचं मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान होतं. ते गेले आणि दुकान बंद झालं. मुलगा एकच, पुण्यात.

अव्वांनी मला उभ्यानंच तपासलं.

"मांस-मच्छी?"

"नाही."

"अंडं?"

"नाही."

"सकाळी सहा ते पावणेसात माझी पूजा असती. तवर वर मिक्सर लावायचा न्हाई."

"माझा मिक्सर साडेपाचलाच होऊन जातो."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "जिना दर सोमवारी धुवायचा. एक सोमवार मी, एक तुम्ही. आणि वरच्या दाराची एक किल्ली माझ्यापाशी राहील."

"ती नाही राहणार," मी म्हटलं.

"का?"

"माझं घर म्हणून भाडं देणार मी. मग किल्ली माझीच."

एजंट खाली बघायला लागला. अव्वांनी मला आत बोलावलं, बसायला पाट दिला आणि एका दमात सांगितलं, "खरं ते सांगून ठेवते. दोन वर्षांत तीन भाडेकरू गेले. त्याच्या मधीच मी एकदा मोरीत पडले. तवापासून पोरगं म्हणून रायलंय, वर कुणी माणूस टिकत असंल तरच तू एकटी राहा, न्हाई तर सामान बांध आणि पुण्याला चल. दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय त्यानं. तुम्ही राहिल्या तर मी माझ्या घरात राहते. तुम्ही गेल्या तर मला जावं लागतंय."

"मग किल्लीचा हट्ट सोडा."

"हट्ट न्हाई, शिस्त हाय." उठून त्यांनी एजंटला पाणी दिलं, परत येऊन बसल्या. "बरं. ठेवा किल्ली तुमच्यापाशी. जिन्याचं मात्र सोडणार न्हाई."

मला ही बाई तिथंच पटली. गरज त्यांना होती आणि ती त्या लपवत नव्हत्या. आणि गरज आहे म्हणून वाकतही नव्हत्या. किल्लीपुरत्या वाकल्या, तेही विचार करून.

जूनमध्ये सामान घेऊन टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा अव्वा पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. कपाट, गादी, भांड्यांची पोती उतरली तोवर त्या एकेक वस्तू बघत होत्या. शेवटी दोन निळी पिंपं उतरली.

"ह्येच्यात काय?"

"काही नाही. पाण्यासाठी आहेत."

"पाण्याला पिंप?" त्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसल्या. "बघ ग, रेल्वेनं पाणी पिणारी माणसं आली. बाई, इथं गोदावरी हाय. तोटी सोडली की पाणी."

दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हापासून लातूरच्या माणसाला हे बोलणं सवयीचं आहे. मराठवाड्यात कुठंही जा, पाण्यावरून टोमणा ठरलेला. पण त्यांना काय सांगणार? आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येईल आणि आलं तर किती वाजता, याचा भरवसा नसतो. म्हणून कोरडा नळ कुणी बंद करत नाही. तोटी उघडी ठेवायची, तिला पाइप लावायचा, पाइपाचं तोंड पिंपात सोडायचं आणि आपापल्या कामाला लागायचं. पाणी आलं की रिकाम्या पिंपात ढब्‌ढब् आवाज होतो आणि घरातलं कुणीतरी पळतं. घरात कुणीतरी असतंच. लातुरात पाणी वाया घालवणाऱ्यापेक्षा कोरडी तोटी बंद करणाऱ्याला जास्त बोलणी बसतात. मी तीस-पस्तीस वर्षं हेच केलं आहे. माझ्या हाताला दुसरं काही माहीत नव्हतं.

नांदेडची व्यवस्था निराळी होती. नळाचं पाणी अंगणातल्या हौदात पडायचं. सकाळी अव्वा मोटार लावायच्या, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं. टाकी भरली की वरच्या पाइपातून पाणी अंगणात पडायचं, त्या आवाजावर अव्वा मोटार बंद करायच्या. मग दिवसभर वर-खाली दोन्हीकडे नळ चालू. पहिले आठ दिवस मी तोटी सोडायचे आणि पाणी आलं की दचकायचे.

तरी मी एक पिंप भरून ठेवलंच. दुसरं रिकामं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वेळेला असावं म्हणून.

नांदेड दिसायला देखणं शहर नाही. रस्ते सतत खणलेले, ट्रकांची धूळ, एमआयडीसीच्या वाटेवर सरकीचा आणि पेंडीचा वास. पण हे कामाचं शहर आहे, आणि मला कामाची शहरं आवडतात. सकाळी सहाला चौकात उभं राहिलं की दिसतं. गुरुद्वाऱ्याला आलेले पंजाबी यात्रेकरू, हदगावकडून कापूस घेऊन आलेल्या गाड्या, किनवटकडून दवाखान्याला आलेली माणसं, आणि सगळ्यांना वाट दाखवणारे रिक्षावाले. माझा रिक्षावाला यात्रेकरूंशी हिंदीत भाव करायचा, माझ्याशी मराठीत बोलायचा आणि दुसऱ्या रिक्षावाल्याला दखनीत शिव्या द्यायचा, हे सगळं एकाच सिग्नलवर. परक्या माणसाला इथं कुणी दोनदा वळून बघत नाही. एकटी बाई म्हणून तीन रविवार जे प्रश्न मी ऐकले, ते एकदा छप्पर मिळाल्यावर कुणी विचारले नाहीत. भाजीवालीनं तर पहिल्याच आठवड्यात माझी वेळ पाठ केली आणि मेथी बाजूला ठेवायला लागली.

सप्टेंबरमध्ये विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले. अव्वा खालून ओरडल्या, "बाई, पाणी बघायला चलता का?" आम्ही रिक्षा करून पुलावर गेलो. अर्धं नांदेड तिथं होतं, लेकरं खांद्यावर घेऊन. गढूळ, जाड, घाईत असलेलं पाणी पुलाखालून चाललं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. एवढं पाणी, आणि कुणी भरून घेत नव्हतं.

"पिंपं आणायची राहिली बघा," अव्वा म्हणाल्या.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचा हंगाम सुरू झाला आणि माझे दिवस गेटवर जायला लागले. पहाटेपासून गाड्यांची रांग. शेतकऱ्यानं घाईत काढलेला माल ओला असतो. ओला म्हटलं की तो चिडतो, कोरडा म्हटलं की मॅनेजर चिडतो. त्या दिवसांत मी घरात फक्त झोपायला आणि डबा करायला असायचे.

त्या बुधवारी रात्रीपासूनच लाइट नव्हती. मोटार चालली नाही, टाकी रिकामी. सकाळी मी स्वयंपाकघरातली तोटी सोडली, ती कोरडी. पिंपातल्या पाण्यावर अंघोळ, डबा सगळं झालं आणि मला मनातून बरंच वाटलं, की बघा, पिंप कामाला आलं. मग निघायच्या आधी मी पाइप घेतला, एक टोक कोरड्या तोटीला लावलं, दुसरं रिकाम्या पिंपात सोडलं, तोटी पूर्ण उघडी ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि गेले. यातलं काहीही मी ठरवून केलं नाही. लातुरात घरातून निघताना जे करतात तेच केलं. फरक एवढाच, की इथं घरात कुणी नव्हतं.

साडेदहाला फोन आला.

"बाई, कामात हायत का?"

"गाडी उभी आहे अव्वा. काय झालं?"

"काही न्हाई. तुमच्या लातुरात पाणी न्हाई म्हणता ना? माझ्या जिन्यावरून गोदावरी उतरून रायलीय."

डोळ्यांसमोर ती तोटी आली. मी हातातला नमुना मदतनीस मुलीकडे दिला आणि मिळेल त्या रिक्षानं निघाले.

मी पोचले तोवर अव्वांनी सगळं आटपलं होतं. नऊला लाइट आली तशी त्यांनी मोटार लावली. अर्धा तास झाला तरी टाकी भरल्याचा आवाज येईना. मोटार बिघडली म्हणून बघायला बाहेर आल्या तर जिन्यावरून पाणी. मोटार बंद केली तरी टाकीत चढलेलं पाणी माझ्या उघड्या तोटीतून येतच राहिलं.

"किल्ली असती तर आत जाऊन तोटी बंद केली असती," त्या म्हणाल्या. "न्हवती. मग गच्चीवर गेले आणि टाकीचा कॉक फिरवला."

"ओल्या जिन्यावरून? दोन मजले?"

"मग काय, जिना वाळायची वाट बघू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हातानंच थांबवलं. "ते मागून. आधी हे बघा."

जिन्याखाली त्यांच्या वर्षाच्या ज्वारीची तीन पोती उभी होती. शेत बटईनं दिलेलं, वाट्याची ज्वारी दर उन्हाळ्यात घरी यायची आणि वर्षभर पुरायची. पुण्याच्या मुलालाही त्यातूनच पीठ जायचं. पाणी जिन्यावरून उतरून नेमकं तिथं साचलं होतं. अव्वांनी एका पोत्याचं तोंड सोडलं, पदर खोचला आणि हात काखेपर्यंत आत घातला. डोळे मिटले. मी यंत्रावर ओलावा बघते, तेव्हा मीही एवढं लक्ष देत नसेन.

"वीतभर भिजलीय. त्याच्यावर दमट. वरचं कोरडं हाय." हात बाहेर काढला. "आज उन्हात पडली तर वाचंल. उद्यापर्यंत राहिली तर तापंल, मग जनावराला."

हमाल बोलवू म्हटलं तर हंगामात हमाल संध्याकाळशिवाय मिळत नव्हते. तेव्हा मी साडी वर खोचली आणि ज्वारी बादलीबादलीनं गच्चीवर नेली. एका पोत्यात किती बादल्या मावतात, हे मला आता चांगलं माहीत आहे. अव्वा जिन्याच्या पायथ्याशी बसून बादल्या भरत होत्या आणि वाटण्या करत होत्या: भिजलेली वेगळी, दमट वेगळी, कोरडी वेगळी. कोरडी ठेवायला जागा हवी होती. मी माझ्या स्वयंपाकघरात गेले, अपराधी पिंप उपडं केलं, उन्हात वाळवलं, कपड्यानं पुसलं आणि कोरडी ज्वारी त्यात भरली.

"म्हणजे आणलेली वाया गेली न्हाईत," अव्वा म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी पसरलेल्या ज्वारीतले चार दाणे उचलले आणि दाढेखाली धरले. कोरडा दाणा कट्कन फुटतो, ओला चेपतो. हे मलाही ऐकून माहीत होतं. पण त्या चावून, थोडं थांबून म्हणाल्या, "अजून तीन उन्हं." मी डबीत मूठभर दाणे घेतले आणि प्रयोगशाळेत यंत्रावर लावले. ओलावा खरोखर जास्त होता. शुक्रवारी संध्याकाळी परत दाणे दाढेखाली. "एक ऊन राहिलं." मी सकाळी नेलेल्या नमुन्याचा आकडा मनात धरून होते. त्यातून दिवसभराचं ऊन वजा केलं तर उरलेला ओलावा एका उन्हाएवढाच होता.

"यंत्र काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखंच."

"शहाणं हाय."

खरी अडचण निराळीच होती. शनिवारी मुलगा येणार होता. दिवाळीला आठ दिवस होते, आणि मुदत संपल्यावर काय करायचं ते ठरवायलाच तो येत होता. त्याच्या आईनं एकटीनं ओल्या जिन्यावरून गच्ची गाठली, तीही भाडेकरणीच्या चुकीमुळं, हे कळल्यावर तो काय ठरवेल ते सांगायला कुणी नको होतं. भाडेकरू टिकली तर होती, पण कशासाठी हवी होती आणि तिनं काय केलं! मी शुक्रवारी संध्याकाळी अव्वांना म्हटलं, "आपण आत्ताच भरून ठेवू. एका उन्हानं काय होतंय? जिना पुसलेला आहे. जिन्याखालच्या भिंतीवर ओलीचा डाग पडलाय, तो कपाटामागं जाईल."

अव्वांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गेटवर रेती मिसळलेल्या पोत्याकडे बघते.

"लपवायचं कशाला? चोरी केली का आपण?"

"तुम्हाला जावं लागेल, अव्वा."

"जावं लागलं तर जाईन. पण दमट ज्वारी भरून पोराच्या घरी कुबट पीठ पाठवणार न्हाई. चाळीस वर्षं मोंढ्यातल्या माणसाचा संसार केला मी. माल ओला तर ओला म्हणायचं."

हे वाक्य मी रोज गेटवर दुसऱ्यांना ऐकवते.

शनिवारी मी दुपारची पाळी मागून घेतली. मुलगा सकाळी ट्रॅव्हल्सनं आला. पन्नाशीतला, शांत, थोडा स्थूल माणूस. हातपाय धुऊन चहा प्याला आणि भिंतीवरचा डाग त्याला दिसला. मग आम्हा दोघींमागून तो गच्चीवर आला.

"हे काय अव्वा? दिवाळीत वाळवण?"

अव्वा काही बोलायच्या आत मीच सांगितलं. लाइट गेली, तोटी कोरडी होती, ती मी उघडी ठेवून गेले, घर पाण्यानं भरलं, ज्वारी भिजली. आणि टाकीचा कॉक बंद करायला अव्वांना वर चढावं लागलं.

तो ज्वारीकडे बघत नव्हता. "ओल्या जिन्यावरून वर आलीस तू? एकटी?"

"आले. आणि उतरलेही."

"आणि पडली असतीस तर?"

"तर तुला फोन आला असता. न्हाई पडले."

"अव्वा, यालाच मी भितो. पुण्याला चल आता. इथं काय ठेवलंय? ज्वारी पुण्यातही मिळते."

"मिळती. पण ती दाढेखाली धरली तर दुकानदार ओरडतो." त्या वाकल्या, दोन दाणे उचलले, चावले. "पुण्यात मी काय करू? तुमची दोघांची नोकरी. मी दार लावून आत. इथं मी सकाळी मोटार लावते, भाजीवालीशी भांडते, सोमवारी जिना धुते. तिथं मला कुणी जिनाही धुवू देत न्हाई, लिफ्ट हाय म्हणत्यात."

"घरात जाऊन तोटी का नाही बंद केलीस? गच्चीवर कशाला?"

"किल्ली न्हवती."

"का नव्हती?"

अव्वा ज्वारी हातानं सारखी करायला लागल्या. त्यांच्या जागी मी असते तर माझंच नाव पुढं केलं असतं.

"मी दिली नव्हती," मी म्हटलं. "त्यांनी पहिल्या दिवशी मागितली होती. मी नाही म्हटलं." मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. दुसरी किल्ली त्याच कडीत होती, पाच महिने वापरलीच नव्हती. ती सोडवताना नखाचा तुकडा उडाला. "ही घ्या. आधीच द्यायला हवी होती. माझं घर, माझी किल्ली हे बरोबर होतं. पण खाली माणूस आहे, हे मी धरलंच नव्हतं."

अव्वांनी किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली. "तवाच दिली असती तर तीन पोती उचलावी लागली नसती तुम्हाला," म्हणाल्या आणि ती पदराच्या गाठीत बांधली.

मुलगा कठड्याशी जाऊन उभा राहिला. तिथून नदीची एक पट्टी दिसते, पलीकडे गिरणीचं धुराडं. मग त्यानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ज्वारीत उतरला. पाय घासत या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. ज्वारीत लांब नाल्या पडल्या, खालचे दाणे वर आले. वाळत घातलेलं धान्य असंच पायानं फिरवतात. लहानपणी वडिलांच्या दुकानापुढं त्यानं ते हजारदा केलं असणार, कारण तो खाली न बघता चालत होता. अव्वा फक्त एकदा म्हणाल्या, "कडेची राहिली." तो वळून कडेनं गेला.

सगळी फिरवून झाल्यावर त्यानं पाय झटकले, खिशातून स्वतःच्या किल्ल्या काढल्या आणि त्यातली एक माझ्यासमोर धरली.

"ही खालच्या दाराची. मी पुण्यात बाळगून हिचा काही उपयोग नाही. सकाळी मोटारीचा आवाज आला नाही तर दार उघडून बघाल?"

"साडेसातला मी निघते. त्याआधी आवाज आला नाही तर बघेन."

"मार्चपर्यंत बघू मग," तो आईला म्हणाला.

"बघ," अव्वा म्हणाल्या. "आता खाली चल. ताट वाढते."

दुपारी मी गेटवर गेले तेव्हा डबीत शेवटचा नमुना होता. यंत्रानं कोरडी म्हटलं. मी फोन करून सांगितलं. अव्वा म्हणाल्या, पोतं कधीच शिवून झालं.

मार्च येऊन गेला. मुलानं विषय काढला नाही, अव्वांनी तर नाहीच. ज्वारी आम्ही तिघांनी संपवली. मुलाला पीठ गेलं, मला दर आठवड्याला चार भाकऱ्या वर येत राहिल्या. भिजलेल्या पोत्याच्या भाकरीला थोडा वास होता. मी तसं म्हटलं.

"हाय," अव्वा म्हणाल्या. "तुमच्या तोटीचा."

पाइप त्यांनी जप्त केला, तो आता अंगणातल्या बेलाला पाणी घालतो. दोन्ही पिंपं जिन्याखाली गेली. या सालची ज्वारी त्यात आहे, झाकण लावून. माझी किल्ली मोटारीच्या स्विचशेजारी खिळ्याला लटकते आणि त्यांची माझ्या जुडग्यात. सकाळी सातच्या सुमारास मोटार घरघरते, मी डबा भरताना ती ऐकते आणि चपला घालते.

परवा गेटवर गाड्या उभ्या होत्या आणि फोन वाजला.

"सकाळी लाइट न्हवती. तोटी बंद केली का?"

"केली अव्वा."

"उघडी होती. मी बंद करून आले." आणि फोन ठेवला.